जुना डेस्कटॉप की जुना लॅपटॉप – नव्या लॅपटॉपला दुसरा स्क्रीन कशाचा करावा?

खातेवही_धंतोली:

नमस्कार मंडळी. काम हिशेबाचं आहे. एकीकडे टॅली, दुसरीकडे जीएसटी पोर्टल नाहीतर एक्सेल, आणि १५.६ इंचाच्या एकाच स्क्रीनवर दिवसभर ऑल्ट-टॅब करून राहिलो. आकडे जुळवताना फार त्रास होतो. नवा मॉनिटर घ्यायच्या आधी घरात पडून असलेलं सामान कामी येतं का, ते पाहायचं आहे.

नवा लॅपटॉप: विंडोज ११, १९२० × १०८० स्क्रीन, एक एचडीएमआय, एक यूएसबी-सी. लॅनचं पोर्ट नाही.
जुना डेस्कटॉप: कोअर २ ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. सोबत १८.५ इंची मॉनिटर, त्याला मागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट.
जुना लॅपटॉप: दुसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज १०, १३६६ × ७६८ स्क्रीन. बॅटरी गेलेली, चार्जरवर चालतो.

दोन्ही लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये एक केबल लावून पाहिली. काहीच होत नाही. तीच केबल टीव्हीला लावली की चालते. सेटिंग कुठे चुकतं आहे? आणि या दोन जुन्या मशिनींपैकी कोणती वापरावी?

सदर_सर्किट:

भाऊ, सेटिंग कुठेच चुकत नाही. लॅपटॉपवरच्या एचडीएमआयमधून चित्र फक्त बाहेर जातं, आत येत नाही. दोन नळांची तोंडं एकमेकांना लावली तर पाणी कुठेच जाणार नाही, तसंच हे. जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन आतल्या एका बारीक केबलने थेट त्याच्या मदरबोर्डला जोडलेला असतो. बाजूच्या एचडीएमआय सॉकेटपासून त्या स्क्रीनपर्यंत वाटच नाही. कोणतंही बटण, कोणताही ड्रायव्हर ती वाट बनवून देणार नाही.

म्हणून आधी डेस्कटॉपकडे पाहा. तुम्हाला तो अख्खा कॉम्प्युटर नको आहे, फक्त त्याचा मॉनिटर हवा आहे. खालचा डबा बंदच राहू द्या. मॉनिटरची व्हीजीए केबल डब्यातून काढा, मध्ये एक एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर टाका, तो लॅपटॉपला लावा. संपलं काम. कोअर २ ड्युओवर विंडोज चढवायची, नेटवर्क जोडायची काहीच गरज नाही.

कन्व्हर्टर घेताना दोन गोष्टी नीट पाहा, बर्डीच्या बाजारात काउंटरवरून घाईने उचलू नका.

पहिली, दिशा. एचडीएमआय ते व्हीजीए वेगळा आणि व्हीजीए ते एचडीएमआय वेगळा. दिसायला सारखे असतात, पण उलटे चालत नाहीत. तुमच्यासाठी एचडीएमआयकडे नर टोक (लॅपटॉपमध्ये घुसणारं) आणि व्हीजीएकडे मादी सॉकेट (ज्यात मॉनिटरची केबल बसेल) असा पाहिजे.

दुसरी, आत चिप असलेला घ्या. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी साधी केबलही मिळते, ती घेऊ नका. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आणि व्हीजीएचा ॲनालॉग. मध्ये चिप नसेल तर नुसत्या तारा जोडून चित्र येत नाही. ज्याच्या बाजूला छोटं मायक्रो यूएसबी सॉकेट आहे असा मिळाला तर उत्तम. कारण एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर लॅपटॉपने किमान ५५ मिलीअँपिअर द्यावेत एवढंच बंधन आहे, आणि बऱ्याच कन्व्हर्टरना त्याहून जास्त लागतं. काही लॅपटॉप सढळ हाताने देतात, काही देत नाहीत. चित्र येऊन दर दोन-तीन मिनिटांनी जात असेल तर त्या बाजूच्या सॉकेटमधून यूएसबीची वीज द्या, बहुतेक वेळा तिथेच भागतं.

जोडल्यावर विंडोज + पी दाबा, ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’वर राहिलं तर दोन्हीकडे तेच दिसेल. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला तो चौकोन माउसने ओढून ठेवा, नाहीतर माउस उजवीकडे न्यायचा तर डावीकडून निघेल. दोन्ही चौकोनांच्या वरच्या कडा जुळवून घ्या.

यूएसबी-सीकडून फार आशा ठेवू नका. त्या पोर्टमधून चित्र निघतं की नाही हे मॉडेलवर अवलंबून आहे. पोर्टजवळ ‘डी’ आणि ‘पी’ एकात गुंफल्यासारखं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा विजेचं थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर निघतं. काहीच चिन्ह नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल टाकून पाहा. नुसता डेटा आणि चार्जिंगचा पोर्ट असेल तर यूएसबी-सी ते व्हीजीए कन्व्हर्टरचे पैसे वाया जातील.

मानेवाडा_लिनक्स:

सदर_सर्किट यांचं बरोबर आहे, मॉनिटर सुटा होत असेल तर केबलसारखं काही नाही. पण जुना लॅपटॉपही वापरायचा असेल, किंवा उद्या तिसरा स्क्रीन लागला, तर नेटवर्कवरून होतं. त्याचं सांगतो.

सगळ्यात सोपं स्पेसडेस्क नावाचं सॉफ्टवेअर. नव्या लॅपटॉपवर त्याचा ‘ड्रायव्हर’ बसवायचा, जुन्यावर ‘व्ह्यूअर’. विंडोजला वाटतं की एक खराच मॉनिटर लागला आहे. त्याचं चित्र दाबून छोटं करून नेटवर्कवरून जुन्याकडे जातं. जुन्या मशिनीवर लिनक्स असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा व्ह्यूअरही आहे. एक मात्र पाहा: स्पेसडेस्क घरगुती वापराला फुकट आहे, धंद्याच्या वापराला परवाना लागतो. तुमचं काम पैशाचं आहे, तेव्हा परवाना घ्या नाहीतर खाली दिलेला दुसरा पर्याय धरा.

सगळी मेख नेटवर्कमध्ये आहे. हिशेब करून पाहा. १३६६ × ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट. एवढा डेटा न दाबता जुन्या वायफायवरून जाणं शक्य नाही, म्हणून सॉफ्टवेअर तो दाबतं. दाबताना पहिला बळी बारीक अक्षरांचा जातो. एक्सेलमधला ८ आणि ३ ओळखू येईना की समजा, चित्राचा दर्जा फार खाली आहे. व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये दर्जा वर न्या आणि सेकंदाला चित्रं ६० वरून ३० करा. टॅलीला ३० पुरे होतात, अक्षरं मात्र स्पष्ट लागतात.

वायफायवर २.४ गिगाहर्ट्झ टाळा. फ्लॅटच्या इमारतीत आजूबाजूचे दहा-पंधरा राऊटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. माउस सरकतो, थांबतो, मग एकदम उडी मारतो, ते यामुळेच. जुन्या लॅपटॉपच्या कार्डला ५ गिगाहर्ट्झ बहुतेक नसणारच. म्हणून सरळ लॅनची तार टाका. नव्या लॅपटॉपला यूएसबी ३.० ते गिगाबिट लॅन अडॅप्टर घ्या आणि तिथून जुन्या लॅपटॉपपर्यंत साधी लॅन केबल लावा. पूर्वी दोन मशिनी थेट जोडायला क्रॉस केबल लागायची, पण गिगाबिट पोर्टला ती लागत नाही, तो स्वतःच जुळवून घेतो.

दोन्हीकडे पत्ता हाताने द्या:
नवा लॅपटॉप १९२.१६८.५०.१
जुना लॅपटॉप १९२.१६८.५०.२
सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०
गेटवे आणि डीएनएस रिकामं ठेवा.

गेटवे रिकामं यासाठी की इंटरनेट वायफायवरूनच चालू राहावं. तिथे काही भरलं तर विंडोज इंटरनेटही या तारेवर शोधायला जाईल.

इथे बरेच लोक अडकतात ती जागा सांगतो. गेटवे नसलेल्या अशा तारेला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि ‘पब्लिक’ धरतं. पब्लिकवर फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतं. दोन्ही मशिनी ठीक, केबलचे दिवे लुकलुकतात, तरी व्ह्यूअर म्हणतो सर्व्हर सापडत नाही. स्पेसडेस्क बसवताना फायरवॉलची खिडकी येते तेव्हा प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही खुणा करा. ती खिडकी निघून गेली असेल तर ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’मध्ये जाऊन करा. तरी आपोआप सापडला नाही तर व्ह्यूअरमध्ये १९२.१६८.५०.१ हाताने टाका.

जुन्या लॅपटॉपवर पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन बंद’ आणि ‘स्लीप’ दोन्ही ‘नेव्हर’ करा. त्या मशिनीला कोणी हात लावत नाही, म्हणून तिला वाटतं मालक उठून गेला आणि दहा मिनिटांनी ती झोपते. मग इकडे दुसऱ्या स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या पहिल्यावर येऊन पडतात.

दुसरा पर्याय सनशाइन आणि मूनलाइट. सनशाइन नव्यावर, मूनलाइट जुन्यावर. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, धंद्याला वापरायची आडकाठी नाही, आणि विलंब फार कमी. पण सनशाइन आहे तोच स्क्रीन पाठवतं, नवा बनवत नाही. त्यासाठी नव्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये डमी प्लग लावावा लागतो, म्हणजे मॉनिटर लागल्याची खोटी खूण देणारी बोटाएवढी वस्तू. मग सनशाइनला सांगायचं की त्या डमी स्क्रीनचं चित्र पाठव. मूनलाइटमध्ये कोडेक (चित्र दाबायची-उलगडायची पद्धत) एच.२६४ ठेवा. दुसऱ्या पिढीच्या आय-३ मध्ये एच.२६४ उलगडणारं हार्डवेअर आहे, एचईव्हीसीचं नाही. एचईव्हीसी निवडलं तर सगळा भार प्रोसेसरवर येईल आणि पंखा जेट विमानासारखा ओरडेल.

विंडोजची स्वतःची वायरलेस डिस्प्लेची सोयही आहे (नव्यावर विंडोज + के). पण जुन्या मशिनीचा ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वायफाय कार्ड दोन्ही मिराकास्टला (तारेविना चित्र पाठवायची पद्धत) पात्र असावे लागतात. डीएक्सडायग (मशिनीची माहिती दाखवणारं विंडोजचं साधन) चालवून सगळी माहिती फाइलमध्ये साठवा, तीत ‘मिराकास्ट’ची ओळ असते. एवढ्या जुन्या मशिनीवर तिथे ‘अव्हेलेबल’ दिसण्याची आशा थोडीच.

रामनगर_वायरिंग:

मानेवाडा भाऊ, तुमची पद्धत चालते, पण रोज सकाळी ऑफिसला बसणाऱ्याला आयपी पत्ते आणि फायरवॉल सांभाळायला लावू नये असं माझं मत. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर तर ड्रायव्हर बसवायची परवानगीच नसते.

त्यापेक्षा एचडीएमआय ते यूएसबी कॅप्चर कार्ड घ्या. पेन ड्राइव्हएवढी वस्तू. एका बाजूला एचडीएमआयची मादी, दुसऱ्या बाजूला यूएसबी. नव्या लॅपटॉपची एचडीएमआय केबल त्यात लावायची, आणि कार्ड जुन्या लॅपटॉपच्या यूएसबीत. नव्याला वाटतं खरा मॉनिटर लागला, तिथे काहीच बसवावं लागत नाही. जुन्याला वाटतं वेबकॅम लागला. तिथे ओबीएस (व्हिडिओ रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडा, ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ निवडा, आणि ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ करा, म्हणजे चित्र पूर्ण स्क्रीनभर येतं. खातेवही भाऊ, तुमची टीव्हीवर चालणारी केबल इथे कामी येईल.

यूएसबी २.० वाली स्वस्त कार्डं १०८० ला सेकंदाला ३० चित्रं देतात आणि ७२० ला ६०. तुमचा जुना स्क्रीन १३६६ × ७६८ चा आहे, म्हणून नव्या लॅपटॉपवर त्या स्क्रीनचं रिझोल्यूशन १२८० × ७२० ठेवा आणि ओबीएसमध्येही तेच. १९२० चं चित्र १३६६ मध्ये कोंबलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. माउस किंचित मागे राहतो, तो राहणारच. पाहायचं असलेलं (पोर्टल, पीडीएफ) तिकडे ठेवा आणि टायपिंग इकडे करा, म्हणजे जाणवत नाही.

डब्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं, ते आत घेतं ४के पण देतं १०८० च. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

मानेवाडा_लिनक्स:

कॅप्चर कार्डचं मान्य. ऑफिसच्या कुलूपबंद लॅपटॉपला तोच मार्ग बरा. अक्षरांच्या कडा मात्र त्यातही थोड्या मऊ होतात, कारण ही कार्डं प्रत्येक चित्र जेपेगसारखं दाबून पाठवतात. पांढऱ्या पाटीवर लाल बारीक अक्षरं असतील तर लगेच दिसतं.

खातेवही_धंतोली:

सगळ्यांचे आभार. आधी मॉनिटरचाच मार्ग धरला. कन्व्हर्टर लावला, चित्र आलं. पण तीन अडचणी आहेत. एक, डिस्प्लेमध्ये १०२४ × ७६८ च्या वर काही निवडताच येत नाही आणि सगळं आडवं ताणलेलं दिसतं. दोन, पांढरा भाग पिवळसर दिसतो. तीन, लॅपटॉपचा आवाज बंद झाला.

सदर_सर्किट:

तिसऱ्याचं आधी, ते एका मिनिटाचं आहे. एचडीएमआय लागला की विंडोज आवाजही तिकडे पाठवतं. तुमच्या मॉनिटरला स्पीकर नाही. खाली घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करा, बाजूच्या बाणावरून लॅपटॉपचा स्पीकर निवडा.

पहिल्या दोन अडचणी दोन नाहीत, एकच आहे असा माझा अंदाज. तुमच्या व्हीजीए केबलच्या पिना वाकल्या किंवा तुटल्या आहेत. केबल काढा आणि टोक उजेडात धरून पाहा. तीन रांगा, प्रत्येकी पाच, एकूण १५ जागा. टोकाकडे पाहताना रुंद बाजू वर ठेवा. वरच्या रांगेत १, २, ३ या पिना म्हणजे लाल, हिरवा आणि निळा. निळा गेला की पांढरं पिवळं दिसतं. हिरवा गेला तर जांभळट गुलाबी, लाल गेला तर निळसर हिरवं. खालच्या रांगेतल्या १२ आणि १५ या पिनांवरून मॉनिटर आपली ओळख सांगतो, की मी अमुक, माझं रिझोल्यूशन अमुक. त्यातली एक जरी जागेवर नसली तरी विंडोजला मॉनिटर ओळखू येत नाही आणि ते भीतभीत १०२४ × ७६८ देतं.

मधल्या रांगेत ९ नंबरची जागा रिकामी असेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलींमध्ये ती मुळातच नसते.

पिन नुसती वाकली असेल तर बारीक चिमट्याने किंवा रिकाम्या बॉलपेन रिफिलच्या तोंडात धरून हळू सरळ करा. दोनदा वाकवली की तुटते. तुटली असेल तर केबल बदला, जोडत बसू नका. नवी घेताना दीड मीटरची, जाड, दोन्ही टोकांना काळा गोळा असलेली घ्या. जुन्या मॉनिटरसोबतची केबल बऱ्याचदा मॉनिटरमध्येच पक्की असते. तुमच्या मॉनिटरला मागे सॉकेट आहे म्हणता, तर सुटेल.

केबल बदलल्यावर १३६६ × ७६८ निवडा. यादीत १३६० × ७६८ सुद्धा असेल, तो निवडू नका, सहा ठिपक्यांच्या फरकानेही अक्षरं धूसर होतात. मग मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. दाबताना स्क्रीनवर एक्सेलची रिकामी पाटी मोठी करून ठेवा. काळ्या वॉलपेपरवर ऑटो केलं तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूला सरकून बसतं. तरी अक्षरांना सावली राहिली तर मेन्यूत ‘फेज’ किंवा ‘फाइन’ असतं, ते एकेक पायरी सरकवत एक्सेलच्या उभ्या रेषांकडे पाहा. रेषा एकदम कोरीव होतात ती जागा पकडा.

टॅली दुसऱ्या स्क्रीनवर नेल्यावर पुसट दिसली तर कारण वेगळं. लॅपटॉप १२५ टक्के स्केलवर असतो, हा मॉनिटर १०० वर. टॅलीच्या आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि तिथे ‘ओव्हरराइड’ला खूण करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा.

पॅनेल_महाल:

जुन्या लॅपटॉपचं कोणी सांगितलं नाही ते सांगतो. मशीन मेली असेल, मदरबोर्ड गेला असेल, पण स्क्रीन चांगला असेल, तर तो पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड लावता येतो. मग तो एचडीएमआय आणि व्हीजीए घेणारा खरा मॉनिटर होतो. तुमची मशीन चालू आहे, म्हणून तुम्ही हे करू नका. पण अशी पुष्कळ मशिनी भंगारात जाऊन राहिल्यात, म्हणून लिहितो.

सगळं पॅनेलच्या नंबरवर. पुढची चौकट उघडून पॅनेल पालथं करा, मागच्या चिठ्ठीवर एलपी१५६..., बी१५६..., एलटीएन१५६... असं काही असतं. पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, फोटो काढून ठेवा. बोर्ड विकणाऱ्याला लॅपटॉपचं मॉडेल सांगू नका, पॅनेलचा नंबर सांगा. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगळ्या कंपन्यांचे पॅनेल निघतात.

२०११ च्या सुमाराच्या १५.६ इंची एलईडी पॅनेलला बहुधा ४० पिनांचा एलव्हीडीएस जोड असतो. पुढे ३० पिनांचा ईडीपी आला. दोन्हीचे बोर्ड वेगळे, एकमेकांना चालत नाहीत. बोर्डमध्ये त्या पॅनेलचं फर्मवेअर (बोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) भरून मागा: १३६६ × ७६८, एक चॅनल, ६ बिट. चुकीचं भरलेलं असेल तर स्क्रीन नुसता पांढरा उजळतो, किंवा रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डवर तीन जागांचा एक छोटा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ च. बोर्ड ५ वर लावून आलेला असू शकतो, कारण मोठ्या मॉनिटरच्या पॅनेलला ५ लागतात. न पाहता वीज दिली तर पॅनेल जळतो, आणि जळलेला पॅनेल परत येत नाही. आधी जम्पर, मग केबल, मग १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर (३ असला तर अजून बरं). मधली पिन पॉझिटिव्ह आहे ना, तेही मल्टिमीटरने पाहून घ्या. वीज चालू असताना पॅनेलची केबल काढू-घालू नका.

बोर्ड पॅनेलच्या मागच्या पत्र्यावर तसाच चिकटवू नका, खालचे सोल्डरचे टाके पत्र्याला लागतात. मध्ये ॲक्रिलिकचा तुकडा किंवा जाड प्लॅस्टिक द्या. लॅपटॉपचं वरचं झाकण आणि बिजागऱ्या फेकू नका, तीच तयार चौकट आहे.

पॅनेलच्या कडेतून गुलाबी-पांढऱ्या दोन तारा आणि छोटं चपटं टोक निघत असेल तर तो ट्यूबवाला जुना पॅनेल आहे. त्याला इन्व्हर्टर (घरचा नव्हे, ट्यूबला जास्त व्होल्ट देणारी छोटी पट्टी) लागतो आणि त्यावर शेकडो व्होल्ट असतात, सुरू होताना हजाराच्या वर. ट्यूबमध्ये पाराही असतो. त्याच्या वाटेला जाऊ नका, ई-कचऱ्यात द्या.

अजून एक आपल्या हवेचं. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक शर्ट काढताना ठिणग्या उडतात. त्या दिवसांत पॅनेलला हात लावायच्या आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा आणि सुती कपडे घाला. पॅनेलच्या खालच्या पट्टीवरच्या चिपा स्थिर विजेच्या एका झटक्याने जातात.

रामनगर_वायरिंग:

कोणी कोअर २ ड्युओचा अख्खा डबा नेटवर्कवरून स्क्रीन म्हणून चालवायचा विचार करत असेल तर आधी विजेचा हिशेब करा. डबा आणि मॉनिटर मिळून ८० वॅट धरा. रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. ८० × २०८ भागिले १००० म्हणजे सुमारे १६.६ युनिट. नुसता मॉनिटर २० वॅट धरला तर ४.२ युनिट. जुना लॅपटॉप २५ ते ३० वॅटवर साधारण ५ ते ६ युनिट. महावितरणच्या बिलावर तुमचा युनिटचा दर पाहून गुणा, फरक दिसेल. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत त्या खोलीत अजून एक शेगडी कशाला?

जुन्या लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ म्हणता, ती फुगली तर नाही ना ते पाहा. टचपॅड वर आलं असेल किंवा खालचं झाकण टेबलावर डुगडुगत असेल तर लगेच काढा. दिवसभर चार्जरवर आणि उन्हाळ्यात ती तशी ठेवणं धोक्याचं आहे. काढल्यावर टोचू नका, कचऱ्यात टाकू नका.

आणि त्या लॅपटॉपवरून जीएसटी पोर्टल किंवा बँक उघडू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ७ चा तर २०२० मध्येच. तो फक्त स्क्रीन दाखवत असेल तर पोर्टल नव्या लॅपटॉपवर चालतं, तिकडे फक्त चित्र जातं, त्याला हरकत नाही.

खातेवही_धंतोली:

केबलची १२ नंबरची पिन तुटलेली होती आणि ३ नंबरची आत दबलेली. नवी केबल लावली, १३६६ आलं, रंगही बरोबर. फेज सरकवल्यावर एक्सेलच्या रेषा अगदी छान झाल्या. आता एकच राहिलं. कूलर चालू असताना मॉनिटरवर आडवे फिकट पट्टे खालून वर हळूहळू सरकत राहतात. कूलर बंद केला की जवळपास दिसत नाहीत.

सदर_सर्किट:

अर्थिंगचा फरक आहे. व्हीजीए ॲनालॉग असल्यामुळे लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक पडला तरी तो केबलच्या आवरणातून वाहतो आणि पट्टे होऊन दिसतो. कूलरची मोटर तो फरक वाढवते.

खात्री अशी करा: कूलर चालू ठेवा, लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. पट्टे गेले तर नक्की हेच. मग लॅपटॉपचा चार्जर आणि मॉनिटर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तीन पिनांच्या सॉकेटवर, आणि कूलर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर. मॉनिटरला तीन पिनांचा प्लग असेल आणि कोणी मधला दोन पिनांचा अडॅप्टर लावून ठेवला असेल तर तो काढा. व्हीजीए केबल कूलरच्या तारेला समांतर जाऊ देऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडू द्या.

एवढं करूनही पट्टे राहिले तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर दोष मॉनिटरचा नाही, घराच्या वायरिंगचा आहे, आणि ते मॉनिटरपेक्षा आधी दुरुस्त करायला पाहिजे. पाण्याने भरलेला लोखंडी कूलर त्याच अर्थिंगच्या भरवशावर असतो.

खातेवही_धंतोली:

चार्जर काढला तर पट्टे गेले. मधला दोन पिनांचा अडॅप्टरही सापडला, मॉनिटरच्याच प्लगला होता. काढून दोन्ही एका बोर्डवर घेतले, आता स्क्रीन स्थिर आहे. कूलरच्या सॉकेटचं अर्थिंग उद्या मोजून घेतो.